हुकमाविना ठोका

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात नीटची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, हृदयाचा ठोका कोण सुरू करतं? प्रश्न संपायच्या आत ‘एस. ए. नोड’ हे उत्तर येतं. उत्तर बरोबर आहे, त्याचे 4 गुणही मिळतात. पण त्यातून मनात एक चित्र पक्कं बसतं : वर बसलेला कुणीतरी हुकूम सोडतो आणि खालचे सगळे तो पाळतात. मला हे चित्र खटकतं.

उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली त्या आपापल्या लयीत आकसताना दिसतात. वाढता वाढता दोघी एकमेकींना टेकतात, त्यांच्यात बारीक वाटा तयार होतात आणि काही काळाने दोघींचा ठेका एक होतो. तिथे नोड नसतो. या वाटांमधून विद्युतभारित कण शेजारणीकडे जातात. तिच्यात बाहेरून थोडं कॅल्शियम शिरतं, ते आतल्या साठ्यातलं बरंच कॅल्शियम मोकळं करतं आणि ती आकसते. हृदयात एस. ए. नोडचं मोठेपण हे, की त्याची लय सगळ्यांत जलद असते. तो थकला तर वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला ए. व्ही. नोड मिनिटाला 40 ते 60 ठोक्यांनी काम निभावतो.

पण नुसतं जोडलेलं असून भागत नाही. खालचे कप्पे भरावेत म्हणून ए. व्ही. नोडपाशी लाट सेकंदाचा सुमारे दहावा भाग रेंगाळते. शिवाय एकदा उत्तेजित झालेली पेशी जवळपास पाव सेकंद दुसरा इशारा घेतच नाही. ती नाही म्हणते म्हणून हृदय सैल पडतं, पुन्हा भरतं. एकजुटीबद्दल बोलताना आपण हे नाही म्हणणं सोडूनच देतो.

खालच्या कप्प्यांच्या फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे त्यांचा ठेका विस्कटतो तेव्हा, एकही पेशी कामचुकार नसते. सगळ्या राबतात, पण लाटा एकमेकींना आडव्या जातात आणि रक्त पुढे सरकत नाही. नीटची तयारी करणाऱ्या त्या मुलांपैकीच काही उद्या नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशा रुग्णाला शॉक द्यायला उभी राहतील. तो शॉक हृदय सुरू करण्यासाठी नसतो. बहुतेक पेशींना एकाच क्षणी थोपवण्यासाठी असतो. नोडला पुढाकार घ्यायला जागा मिळते ती त्यानंतर.