बिघाड, दैव आणि कर्तृत्व : संगणकाच्या अपडेटचा तापविचार

ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’चा आरंभ दुःखाच्या तीन प्रकारांपासून होतो : स्वतःच्या देहातून किंवा मनातून उद्भवते ते आध्यात्मिक, इतर प्राण्यांपासून व वस्तूंपासून पोहोचते ते आधिभौतिक, आणि मनुष्याच्या आवाक्याबाहेरच्या शक्तींमुळे कोसळते ते आधिदैविक. दुःखाचे मूळ जेथे असेल तेथेच त्याचा उपाय शोधावा लागतो, म्हणून हे वर्गीकरण उपायविचाराचा पाया ठरते. हैदराबादेतील एखादा हौशी छायाचित्रकार गोवळकोंड्याची किंवा कुतुबशाही कबरींची छायाचित्रे घेऊन घरी येतो आणि रात्रीतून आपोआप झालेल्या अपडेटनंतर लॅपटॉपवर छायाचित्र-संस्करणाचा प्रोग्राम उघडतच नाही किंवा पडद्यावरचे रंगच बदललेले दिसतात, तेव्हा त्याला होणारा ताप या तिन्हींपैकी कोणत्या वर्गात घालावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सॉफ्टवेअर मनुष्यनिर्मित आहे, त्या अर्थाने हा ताप आधिभौतिक होय. परंतु तो न मागता येतो, त्याचा कर्ता दिसत नाही आणि त्याचे कारण सांगितले जात नाही, त्यामुळे भोगणारा मात्र तो दैवासारखाच भोगतो.

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या तिसऱ्या दशकात या तीन तापांना एकेक स्वतंत्र समास दिला आहे आणि तेथे एक अर्थपूर्ण फरक आढळतो. सांख्यकारिकेवरील गौडपादभाष्यात थंडी, ऊन, वारा, वीज यांचा उपद्रव आधिदैविकात मोडतो. समर्थांच्या मांडणीत मात्र ठेच लागणे, काटा मोडणे इथपासून भूतमात्रांच्या संयोगाने होणारे सर्व सुखदुःख आधिभौतिक ठरते आणि आधिदैविक ही संज्ञा देहांतानंतर मिळणाऱ्या शुभाशुभ कर्मांच्या फळांसाठी राखली जाते. म्हणजे या मांडणीत दैवाच्या मागेही कर्म असते आणि कर्माच्या मागे कर्ता असतो. ही दृष्टी स्वीकारली, तर ज्याला दैव म्हटले जाते त्याच्यामागे कोणाची कोणती कृती उभी आहे, हे विचारणे भागच पडते.

१९ जुलै २०२४ रोजी हा प्रश्न हैदराबादच्या शमशाबाद येथील विमानतळावर प्रत्यक्षात उभा राहिला. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला इंडिगोने हाताने लिहिलेला बोर्डिंग पास दिला. रांगेत उभ्या असलेल्यांच्या दृष्टीने ही आपत्ती वादळापेक्षा निराळी नव्हती. परंतु नंतर प्रसिद्ध झालेल्या कारणमीमांसेनुसार तिचे मूळ एका साध्या विसंगतीत होते : एका घटकाच्या व्याख्येत माहितीचे २१ रकाने होते, प्रत्यक्षात त्याला २० रकान्यांचीच माहिती पुरवली जात होती, आणि एकविसावा रकाना वाचण्याच्या प्रयत्नात यंत्रणा मर्यादेबाहेरची स्मृती वाचू लागून कोसळली. सदोष अपडेट सुमारे सव्वा तासात मागे घेण्यात आले, तरी बंद पडलेले असंख्य संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच आवश्यक भागांनिशी सुरू होणाऱ्या अवस्थेत, उघडून त्या अपडेटची फाइल हाताने काढून टाकावी लागली.

हौशी छायाचित्रकाराचा बिघाड आकाराने लहान असतो, पण त्याच्या कारणाचा शोध त्याला स्वतःलाच घ्यावा लागतो आणि तेथे न्यायदर्शन उपयोगी पडते. ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्रवेशग्रंथात अन्नंभट्टाने मांडलेल्या विचारानुसार कार्याच्या आधी नियमाने जे असते ते कारण, मात्र ते अन्यथासिद्ध नसावे. अन्यथासिद्ध म्हणजे आधी उपस्थित असूनही कार्य घडण्यासाठी आवश्यक नसलेले. मडक्यासाठी माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव हे त्याचे परंपरागत उदाहरण होय. आदल्या रात्रीचे अपडेट हे खरे कारण की गाढव, हे केवळ क्रमावरून ठरत नाही. संगणकाची प्रणाली व पडद्याचे चित्र घडवणारा भाग यांच्यात दुवा साधणारा ग्राफिक्स ड्रायव्हर मागील आवृत्तीवर नेल्यावर बिघाड नाहीसा झाला, तर तो व्यतिरेक. तोच ड्रायव्हर पुन्हा बसवल्यावर बिघाड परतला, तर तो अन्वय. आणि दोन्ही जुळल्याखेरीज निष्कर्ष पक्का होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा दुरुस्ती करणाऱ्यांचा नियम याच विवेकातून येतो. अशा परीक्षेत कधी असेही आढळते की अपडेट निर्दोष होते आणि रॉ फाइलींनी, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने नोंदलेल्या अवजड कच्च्या माहितीने, डिस्क काठोकाठ भरलेली होती.

कारण सापडल्यावर फलाचा प्रश्न उरतो. कर्मसिद्धांताला दोन दोष मान्य नाहीत : केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. क्षणाक्षणाला कर्ता बदलतो असे मानणाऱ्या बौद्ध क्षणभंगवादावर विरोधकांनी हेच दोष लादले होते. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात मात्र अकृताभ्यागम ही नित्याची स्थिती आहे, कारण चूक एका खंडात होते आणि तिचे फळ शमशाबादच्या रांगेत भोगले जाते. अशा वेळी ताप दैवावर ढकलला, तर निर्माता सुटतो. भोगणाऱ्याच्याच अज्ञानावर ढकलला, तर निरपराध दोषी ठरतो. दोन्ही समजुती सोयीच्या आहेत आणि दोन्ही कर्तृत्व झाकतात. न्याय्य विभागणी अशी की तपासून न पाहता पाठवलेल्या बदलाचे उत्तरदायित्व पाठवणाऱ्याचे, आणि मूळ छायाचित्रांची व संस्करणाच्या सूचना जपणाऱ्या कॅटलॉगची वेगळी प्रत राखण्याचे कर्तव्य वापरणाऱ्याचे. अपडेट कायमचे नाकारणे हा मात्र निष्कर्म राहण्याचा मार्ग नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यानंतर, मुदतवाढ न घेता तीच प्रणाली चालवणाऱ्याने सुरक्षेतील नव्या उणिवा उघड्या ठेवण्याचे कर्म केलेलेच असते.

या सर्व उपायांना सांख्यांचा आक्षेप ठाऊक असायला हवा. औषधासारखे दृष्ट उपाय ऐकांतिक, म्हणजे खात्रीचे, नसतात आणि आत्यंतिक, म्हणजे कायमचे, नसतात, असे ती पहिलीच कारिका बजावते. विंडोजची सुरक्षा-अपडेटे दरमहा दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात, तेव्हा आज मिळालेली दुरुस्ती पुढील महिन्यापुरतीही निश्चित नसते. अपडेटची गरज नसलेल्या जुन्या छायाचित्रणालाही हा आक्षेप चुकला नव्हता. राजा दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना छायाचित्रण हाती घेतले आणि पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे छायाचित्रकार झाले; त्यांच्या २,८५७ काचनिगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत आणि त्या पाहण्यास प्रकाश पुरतो, कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. परंतु काच फुटते, म्हणून काचेवर छायाचित्र जपणे हाही उपाय आत्यंतिक नव्हता. फरक इतकाच की तिथला धोका जवळचा व दिसणारा होता, आणि आजचा धोका दूरच्या, अनोळखी कर्त्यांच्या हाती आहे.

सांख्यांना या अपूर्णतेतून तत्त्वज्ञानाकडे वळायचे होते, हौशी छायाचित्रकाराला पुन्हा छायाचित्राकडे वळायचे असते. तथापि विवेक दोघांनाही लागतो. यंत्राचा दोष आधिभौतिक आहे आणि त्यावरचा संताप आध्यात्मिक आहे, हे वेगळे ओळखले म्हणजे पहिल्यासाठी परीक्षा व उत्तरदायित्वाची मागणी, आणि दुसऱ्यासाठी संयम, असे दोन स्वतंत्र उपाय दिसू लागतात. संयमाच्या नावाखाली ती मागणी सोडून देणे ही शांती नव्हे, आणि मागणी करताना संयम गमावणे हा शोध नव्हे.