नऊ एकांचा गुणाकार

मुरुडच्या कोळीवाड्यात एक मुलगा होता. आजी बाजारात मासळी विकायला बसली, की वाटे लावायचं आणि मोजायचं काम त्याचं. त्यात तो कधी चुकला नाही. शाळेत मात्र गुणाकार आला, की तो बाकाच्या टोकाला सरकायचा. पाढे साताच्या पुढे अडत आणि हातच्याचं तर त्याला भयच वाटे. मुलं हसत. होता होता त्याने गणिताची वही उघडणंच सोडलं.

एका ओहोटीच्या वेळी सर किनाऱ्यावर आले. समोर पाण्यात पद्मदुर्ग उन्हाने तापला होता. मुलगा ओल्या वाळूत काटकीने रेघा ओढत होता.

"एक गुणाकार करतोस?" सरांनी विचारलं.

"पाढे येत नाहीत, सर."

"एकाचा येतो ना?"

सरांनी वाळूत ओळीने नऊ एक लिहिले. १११११११११. म्हणाले, "याला यानेच गुण."

जवळच जाळं विणत बसलेल्या काकांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. तो आठ आकडी. नववा एक काही त्यात शिरेना.

मुलाने पहिली ओळ लिहिली, नऊ एकांची. दुसरी तीच, एक घर डावीकडे सरकवून. तिसरी आणखी एक घर. नऊ ओळी झाल्या, मग तो उभ्या रांगा मोजू लागला. उजव्या टोकाला एक, शेजारी दोन, मग तीन. मोजणं तर त्याच्या हातचंच होतं. मधल्या रांगेत नऊ भरले आणि पुढे उतार लागला.

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा आकडे. उलटे वाचले तरी तेच. हातचा कुठेच आला नव्हता.

सर म्हणाले, "आता या आकड्यांची बेरीज कर." ती ८१ आली. "या एवढ्या संख्येला ८१ने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं. देवळालीच्या शाळेत मास्तर होते ते. विद्वानांनी बरीच वर्षं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते मात्र आकडे मांडत राहिले. १९७५ साली अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं."

पाढ्यांबद्दल सरांनी शब्दही काढला नाही. भ्यालेल्या माणसाला सोपं काम दिलं, तर आपल्याला कमी लेखलं हे त्याला कळतंच. त्याच्या बळावर पुरं होईल असं मोठं काम दिलं, तर पुढचं अवघड तो स्वतःच शोधत जातो.

दुसऱ्या दिवशी मुलगा सरांना हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेला. त्याने वाळूत दहा एक घेऊन दहा ओळी मांडल्या होत्या.

"सर, मधल्या रांगेत दहा झाले. हातचा कसा घ्यायचा?"

सर वाळूतच बसले. हातचा दोनदा पुढे गेला आणि उत्तर आलं. १२३४५६७९००९८७६५४३२१.

मुलाने ते डावीकडून वाचलं, मग उजवीकडून.

"उजवीकडे आठ आहे," तो म्हणाला, "मग डावीकडचा कुठे गेला?"