कोणीच खलनायक नसलेले घर

नीतिविचारात ज्याला धर्मसंकट म्हणतात, म्हणजे ज्यात दोन्ही बाजूंना खरीखुरी कर्तव्ये उभी असतात आणि एक पाळले की दुसरे मोडतेच, ते संसार आणि सोडून दिलेले स्वप्न यांच्या संदर्भात मराठी पडद्यावर क्वचितच सचोटीने मांडले गेले आहे. जेथे ते मांडले गेले, त्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटाशी अमरावतीचे जवळचे नाते आहे, कारण त्यात लता मंगेशकर यांनी गायिलेली आणि सुलभा महाजनच्या एकाकीपणाची ओळख बनलेली गझल अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची आहे.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या आणि विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या कथेत सुलभा (स्मिता पाटील) महिलाश्रमाची अधीक्षक होण्यासाठी प्रथम घराबाहेर पडते, तेव्हा तिचा वकील पती छळवादी नसतो, घर खाऊनपिऊन सुखी असते आणि मुलगी लहान असते. पतीचे दुसऱ्या स्त्रीशी जुळलेले संबंध तिला कळतात ते परतल्यानंतर. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पती आधीच दोषी ठरला असता, तर सुलभेचे जाणे ही केवळ सुटका झाली असती आणि प्रेक्षकाला निवाडा करण्याचे कष्टच उरले नसते.

पुढील काळात ही सोय अनेकांनी करून घेतली. महेश मांजरेकर यांच्या ‘अस्तित्व’मध्ये (२०००) पतीचा अहंकार इतका उघडा पडतो की अदितीची बाजू घेणे सोपे होते, ‘इंग्लिश विंग्लिश’मधली (२०१२) पुण्याची शशी गोडबोले न्यूयॉर्कमधल्या चार आठवड्यांच्या वर्गाने गेलेला आत्मसन्मान मिळवून त्याच संसारात परतते. चित्रपट सुरेख आहे, पण तो पेच सोडवत नाही, त्याला बगल देतो.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या यादीत एक नाव अनपेक्षितपणे यायला हवे. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर आपला नवराही तसे काही करील या धास्तीने अलका त्याच्यावर मुलाकरवी, सासूकरवी पाळत ठेवते, त्याच्यासाठी गोडधोड रांधते, आणि तिचे स्वतःचे एखादे स्वप्न होते का, हे विचारायला त्या घरात कोणालाच उसंत नसते. स्वप्नाचा त्याग होण्यासाठी आधी स्वप्न पाहण्याइतके स्वास्थ्य लागते, आणि कोरडवाहू कापसाच्या शेतीवर जगणाऱ्या अकोला-अमरावतीच्या कित्येक घरांना ते लाभलेले नाही. म्हणून सुलभेचा प्रश्न तेथे खोटा ठरत नाही, फक्त तो विचारला जात नाही.

‘उंबरठा’ पुन्हा पाहणाऱ्यांनी पतीचा अपराध घटकाभर बाजूला ठेवावा, काकूच्या मायेत वाढणाऱ्या त्या मुलीकडे नीट पाहावे, आणि मगच सुलभा बरोबर होती की नाही ते ठरवावे.