माळवदाचा कठडा आणि परिचारिकेचे डोळे



जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक साधा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. आपल्या नगरकडच्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. माळवदाच्या घरांत आपल्या पिढ्या वाढल्या. धान्य, मिरच्या वाळत घालायला आणि उन्हाळ्यात झोपायला सगळे वरच जात.

या नियमात घरधन्याने कोणाला ढकललेले नाही. पडणारा आपल्याच पायाने वर गेला आणि त्याचा तोल गेला. तरीही दोष घरधन्याचा. कारण लोक वर जाणार हे त्याला ठाऊक होते आणि कठडा घालणे त्याच्या हातात होते.

हाच नियम आज आपण हॉस्पिटलातील एक्स-रेच्या खोलीला लावून पाहू. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले-मुली नर्स, टेक्निशियन, वॉर्डबॉय किंवा मावशी म्हणून काम करतात. पूर्वी हृदयाच्या तपासणीसाठी पुणे-मुंबई गाठावी लागे. आता नगर, लोणी, शिर्डी येथे अँजिओग्राफी होते. मोडलेल्या हाडात रॉड घालताना लहान गावांतही सी-आर्म मशीन वापरतात. ही देवाचीच कृपा म्हणायची. पण या कामांत एक फोटो काढून भागत नाही. डॉक्टर पायाने पेडल दाबून ठेवतात तितका वेळ किरण चालू राहतात आणि शरीरातले हलते चित्र पडद्यावर दिसते.

येथे घाबरण्याचे कारण नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मशीन बंद झाले की खोलीत किरण उरत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नये. प्रश्न आहे तो रोज त्या टेबलाशी उभे राहणाऱ्यांचा. रुग्णाच्या शरीरावर पडलेले किरण सगळीकडे विखुरतात आणि जवळ उभ्या असलेल्यांपर्यंत पोहोचतात. शिशाचा अॅप्रन छाती-पोट झाकतो, डोळे मात्र उघडेच राहतात. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, आणि बिघडलेल्या पेशी त्याला बाहेर टाकता येत नाहीत. म्हणून थोडे थोडे नुकसान वर्षानुवर्षे साचते आणि भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरू लागतो. दुखत काहीच नाही. कळते तेव्हा बरीच वर्षे गेलेली असतात.

हे किती घडते? मलेशियातील क्वालालंपूर येथे केलेली एक तपासणी २०१० साली प्रसिद्ध झाली. अँजिओग्राफीसारखी कामे करणाऱ्या ५६ हृदयरोगतज्ज्ञांपैकी २९ जणांच्या भिंगात असे बदल दिसले, तर ११ नर्सपैकी ५ जणींच्या. किरणांशी संबंध नसलेल्या २२ जणांत मात्र फक्त दोघांच्या. संख्या लहान आहे आणि दिसलेले बदल बहुतेक सुरुवातीचे होते, पण इशारा स्पष्ट आहे. एप्रिल २०११ मध्ये किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची वर्षाची मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून सरासरी २० वर आणण्याची शिफारस केली. पूर्वी जे सुरक्षित समजत होतो ते तितके सुरक्षित नव्हते, याची ती कबुली होती. २०११ पूर्वी कोणी म्हणाले असते, आम्हाला ठाऊक नव्हते, तर ते मान्य करता आले असते. आज तसे म्हणता येत नाही.

काही जण म्हणतील, सेवा म्हटली की त्याग आलाच. आपली ख्रिस्तसभा त्यागाचा गौरव करते, हे खरेच. संत डेमियन मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांत राहिले आणि त्याच रोगाने १८८९ साली मरण पावले. पण त्यांना धोका ठाऊक होता, तो टाळून ती सेवा करण्याचा मार्ग नव्हता, आणि त्यांनी तो स्वतः स्वीकारला. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूही सांगतात की, माझा प्राण कोणी माझ्यापासून हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. त्यागाची ही खूण आहे. तो दिला जातो. जिला धोका कोणी सांगितलाच नाही, जिच्यासाठी चष्मा मागवलाच नाही, तिचे डोळे अधू झाले तर तो तिचा त्याग नव्हे. ते तिच्याकडून न विचारता घेतलेले आहे, आणि घेणाऱ्यावर त्याचे ऋण राहते.

एक्स-रेच्या इतिहासात असे ऋण फार जुने आहे. राँटजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लावला. लवकरच अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा मदतनीस दिवसेंदिवस या किरणांपुढे काम करू लागला. त्याचे हात गेले आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील संत जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरली होती. डॉक्टर, शास्त्रज्ञ, टेक्निशियन आणि परिचारिका. नोव्हेंबरमध्ये आपण आपल्या मृतांची आठवण करतो, तेव्हा त्यांच्यासाठीही एक प्रार्थना म्हणायला हरकत नाही.

दुसरे म्हणणे खर्चाचे. लहान हॉस्पिटलला शिशाचा चष्मा महाग पडतो, तो जड असतो, नाकावरून घसरतो. हे खोटे नाही. पण बरेचसे उपाय फुकट आहेत. किरण सोडणारी नळी शक्यतो टेबलाच्या खाली ठेवावी, म्हणजे विखुरलेले किरण डोक्याकडे कमी येतात. पडद्याकडे पाहायचे नसेल तेव्हा पेडलवरून पाय काढावा. ज्याचे काम नाही त्याने मागे सरावे, कारण अंतर दुप्पट केले की किरण सुमारे चौथाईवर येतात. खर्च उरतो तो चष्म्याचा आणि छताला टांगलेल्या शिशाच्या काचेचा. चष्म्याला बाजूचे संरक्षणही हवे, कारण काम करणारा पडद्याकडे पाहत असतो आणि किरण बाजूने आत शिरतात. आणखी एक गोष्ट. छातीवर अॅप्रनच्या आत लावलेला बॅज डोळ्यांना काय मिळाले ते सांगत नाही.

मग एकच चष्मा असेल तर तो कोणी घालायचा? उत्तर हुद्द्यावरून नव्हे, जागेवरून ठरावे. टेबलाशी सर्वांत जवळ कोण उभे आहे? बहुधा डॉक्टर, आणि त्यांनी तो जरूर घालावा. पण त्यांच्या शेजारी रोज सिस्टर उभी राहत असेल तर दुसरा चष्मा ही चैन नव्हे. लहान मूल धरायला दर वेळी त्याच मावशींना बोलावणेही बरोबर नाही. शक्यतो मुलाच्या नातेवाइकाने, अॅप्रन घालून, धरावे, आणि गरोदर बाईने कधीच धरू नये.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ या परिपत्रकात, शरीराला अपाय होणार नाही अशी कामाची जागा मिळणे हा कामगाराचा हक्क मानला आहे. आपल्या देशाच्या २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनीही संरक्षणाची साधने पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कामगाराने संकोचून मागावी अशी ही मेहेरबानी नाही.

कोणी विचारील, मोतीबिंदूचे ऑपरेशन आता सोपे झाले आहे, मग एवढे काय? ऑपरेशन होते हे देवाचे उपकार. पण पडलेल्याचा पाय बरा झाला म्हणून कठडा न घालणाऱ्याचा दोष पुसला जात नाही.

तेव्हा आपण काय करू शकतो? आपल्या घरातील जी व्यक्ती या कामात आहे तिला या आठवड्यात विचारू या, तुझ्या डोळ्यांसाठी तेथे काय सोय आहे? जे हॉस्पिटल चालवतात किंवा त्याच्या समितीवर आहेत त्यांनी खोलीत जाऊन स्वतः मोजावे, उभे राहणारे किती आणि चष्मे किती. आणि जी मागायला कचरते, तिच्या बाजूने आपल्यातील कोणीतरी बोलावे.

रविवारच्या मिस्सात आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतोच. त्यात आजाऱ्यांजवळ उभे राहणाऱ्यांचीही भर घालू या. प्रभू त्यांचे डोळे सांभाळो, आणि कठडा घालण्याची सुबुद्धी आपल्याला देवो. आमेन.