दिल्लीच्या मानानं

‘दिल्लीच्या मानानं गोव्यात घर स्वस्त पडतं’ हे वाक्य आमच्या बेळगावात हल्ली कुणीही बोलतं. बोलणाऱ्याचं दिल्लीत घर असतंच असं नाही. कुणाचा मुलगा गुडगावला नोकरीला, कुणाची नणंद द्वारकेत. आकडे तिकडून येतात आणि चोर्ल्याच्या घाटानं तीनेक तासांत समुद्र गाठणारे आम्ही ते पुढे सांगत राहतो. वाक्य खोटं नाही. तरीही ते ऐकलं की मला खटकतं. नेमकं काय खटकतं, ते नीट उलगडून बघावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी हिशेबाचीच गोष्ट घेऊ. दिल्ली म्हणजे कुठली दिल्ली? सरकारनंच त्या शहराच्या वसाहतींचे ए ते एच असे आठ वर्ग पाडलेत, आणि खरेदीखताला मुद्रांक शुल्क लावायचं तर जमिनीचा किमान दर वर्गाप्रमाणे धरतात. 2014 साली ठरलेले दर असे होते: गोल्फ लिंक्स, वसंत विहार अशा ‘ए’ वर्गात चौरस मीटरला 7,74,000 रुपये, आणि शेवटच्या ‘एच’ वर्गात 23,280 रुपये. म्हणजे एकाच शहरात, एकाच सरकारी कागदावर, तेहतीस पटींचा फरक. गोव्याचंही तसंच. कळंगूटच्या किनाऱ्यालगतचा दर आणि सत्तरीतल्या एखाद्या गावातला दर यांची सोयरीक कुणी जुळवत नाही. तुलना नेहमी होते ती वरच्या दिल्लीची आणि वरच्या गोव्याची. खालच्या दोघांची तुलना करायला कुणाला वेळ आहे?

पण खरी मेख ‘मानानं’ या शब्दात आहे. घराची किंमत कशाच्या मानानं मोजायची? समजा, दिल्लीत एका जोडप्याची वर्षाची मिळकत 36 लाख आहे आणि तिथला बरा फ्लॅट 3 कोटींना मिळतो. म्हणजे सव्वाआठ वर्षांची कमाई. त्यांना कळंगूटजवळ दीड कोटीत घर दिसलं. चार वर्षांची कमाई! स्वस्तच की. आता त्याच गावातल्या एका घरात नवरा पंचायतीत कारकून आहे, बायको बालवाडीत शिकवते, दोघांचे मिळून वर्षाला सव्वासात लाख येतात. त्यांना तेच दीड कोटींचं घर वीस वर्षांच्या कमाईचं पडतं. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, पण रीत खरी आहे. दिल्लीच्या घराच्या निम्म्या किमतीचं हे घर, ज्या गावात ते उभं आहे त्या गावाला दिल्लीच्या अडीच पट महाग आहे. रुपया दोन्हीकडे तोच, पण त्यामागचा घाम वेगळा.

यावर कुणी म्हणेल, बाजार असाच असतो, त्यात नीती-अनीती कुठून आणता? विकणारा राजी, घेणारा राजी, मध्ये तुम्ही कोण? प्रश्न बरोबर आहे. म्हणून त्याच्या आधीचा प्रश्न विचारते. ही किंमत केली कुणी?

दिल्लीची किंमत राजाज्ञेनं सुरू झाली. 1911 च्या डिसेंबरात दरबारात जाहीर झालं की राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलणार. रायसीना, मालचा या गावांची शेतं 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली गेली आणि त्यांच्यावर नवी दिल्ली उठली. पुढे 1957 साली दिल्ली विकास प्राधिकरण आलं, आणि मुनिरका, शाहपूर जाट अशा गावांभोवतीच्या शेतांवर वसाहती उभ्या राहिल्या. गावठाण तेवढं ‘लाल डोऱ्या’च्या आत उरलं. आज तिथल्या कोठीचा मालक म्हणतो, आमच्या वडिलांनी दूरदृष्टीनं प्लॉट घेतला होता. घेतला असेल. पण मंत्रालयं, वकिलाती, विद्यापीठं, मेट्रो हे काही वडिलांनी आणलं नाही.

समुद्राकाठची किंमत तर त्याहून विचित्र. समुद्र कुणी बांधला नाही. माड लावणारे हात गेले. गावातली वळणावळणाची वाट, चिऱ्याची भिंत, घरापुढचं तुळशीवृंदावन नाहीतर खुरीस, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू, हे सगळं गावानं मिळून पिढ्यान् पिढ्या केलं. जाहिरातीत विकलं जातं ते हेच. घर म्हणाल तर चिरा आणि मंगळुरी कौलं. आमच्याकडे खानापुरातही मिळतील. त्यात भर पडली ती 2020 नंतर घरून काम करण्याची मुभा आल्यावर, नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या धुरकट हवेनं, आणि 2023 च्या जानेवारीत पेडण्यातल्या मोपाच्या विमानतळावरून विमानं सुटू लागल्यावर. यातली एकही गोष्ट विकणाऱ्यानं केली नाही की घेणाऱ्यानं केली नाही.

हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन गृहस्थानं 1879 साली एक मोठा ग्रंथ लिहून हेच मांडलं होतं: जमिनीचं वाढलेलं मोल समाजानं निर्माण केलेलं असतं, तेव्हा कर बसायचा तर त्याच्यावर बसावा, मेहनतीवर नको. त्याचं अर्थशास्त्र तपासणं हा माझा प्रांत नाही. पण गोव्यात हा विचार पुस्तकात नव्हे, व्यवहारात होता. कोमुनिदाद म्हणजे गावकऱ्यांची सामाईक मालकी. शेतं लिलावानं कसायला द्यायची, बांध-मानसीचा खर्च भागवायचा, उरलेल्यातून गावकऱ्यांना ‘जोण’ वाटायचं. (जोण मिळे ते पुरुषांना, बायकांचा वाटा धरायची आठवण सामाईकपणालाही राहत नाही!) त्यात दोष पुष्कळ होते, पण जमीन गावाची आहे, एकट्याची नाही, एवढं तरी त्या रचनेला ठाऊक होतं. 1975 च्या मुंडकार कायद्यानंही असंच काहीसं केलं. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हुसकून लावता येणार नाही, आणि मामलेदाराकडे अर्ज करून त्याला राहतं घर जमिनीसकट हक्कानं विकत घेता येईल. म्हणजे बाजाराच्या वर ‘इथं कोण राहतं’ हा प्रश्न कायद्यानं ठेवला.

आता अडचणीच्या भागाकडे येते. यात अपराधी कोण? दिल्लीचा माणूस चोर नाही. त्याच्या मुलीला दमा आहे, तिला बरी हवा मिळावी म्हणून तो आला असेल. विकणारी गोंयकार बाईही लोभी नाही. तिच्या मुलांनी आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढले आणि ती इंग्लंडात स्विंडनला गेली. तिथं घर घ्यायला त्यांना पैसे हवेत. तीही तिकडे जाऊन बोलतच असेल, लंडनच्या मानानं स्विंडन स्वस्त! दलालाला दलाली मिळाली, पंचायतीला घरपट्टी. प्रत्येकानं आपलं काम केलं, आणि शेवटी बालवाडीतल्या त्या बाईंच्या मुलाला स्वतःच्या गावात घर मिळेना. इजा झाली, पण इजा करणारा सापडत नाही.

आम्हा जैनांना लहानपणापासून हिंसा-अहिंसेवर बोलायची सवय, पण ते बोलणं बहुतेक वेळा ताटातल्या कांद्या-बटाट्यापाशी संपतं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना नुसतं प्राण घेणं म्हटलेलं नाही. प्रमादानं, बेसावधपणानं घेणं असं म्हटलं आहे. म्हणजे द्वेष हवाच असं नाही. बघायचं होतं आणि बघितलं नाही, एवढंही पुरे. मला वाटतं, घरांच्या व्यवहारात जो दोष आहे तो याच जातीचा. विकत घेणं हा दोष नाही. ‘स्वस्त’ म्हणताना कुणाला स्वस्त हे न बघणं, हा आहे.

आणि त्याच ग्रंथात परिग्रहाची मर्यादा ओलांडण्याचे प्रकार सांगताना यादीत पहिली नावं शेत आणि घर यांची आहेत. सोनं-चांदी त्यांच्या नंतर. मला हा क्रम फार बोलका वाटतो. सोनं माझ्या पेटीत आहे म्हणून शेजारणीला झोपायला जागा कमी पडत नाही. जमिनीचं तसं नाही, ती असेल तेवढीच. श्रावकांना सावध करणाऱ्या जुन्या ग्रंथांत एक मजेशीर पळवाटही नोंदलेली आहे: एकच घर ठेवण्याचं व्रत घ्यायचं, मग शेजारचं घर घेऊन मधली भिंत पाडायची आणि म्हणायचं, घर एकच आहे हो! माणसं कुठल्याही शतकातली असोत, हिशेबात हुशार.

आमच्या अज्जीनं परिग्रह-परिमाणाची जी वही केली होती, तिच्यात राहतं घर एक, शेत अमुक कुरगी, तांब्या-पितळेची भांडी इतकी असं लिहिलेलं होतं. रुपये नव्हते. आता आमच्यातले पुष्कळ जण मर्यादा रुपयांत घेतात. अमुक कोटीपर्यंत, त्यापुढे नाही. सोपं पडतं. पण मग गंमत बघा. मर्यादा दोन कोटींची ठेवली आणि झोपेतल्या झोपेत घराची किंमत तीन कोटी झाली, तर व्रत मोडलं का? मोडलं म्हणावं तर माणसानं काहीच केलेलं नाही, आणि नाही म्हणावं तर त्या एक कोटीवर त्याचा हक्क कुठून आला? अज्जीच्या वहीला हा पेच पडत नव्हता. ती किमती मोजत नव्हती, वापर मोजत होती. राहायला एक घर लागतं, म्हणून एक.

राहायला, हा शब्द महत्त्वाचा. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या घरांपैकी पाचातलं एकाहून थोडं जास्तच रिकामं नोंदलं गेलं होतं. ती सगळी काही दिल्लीवाल्यांची नव्हेत, हे सांगायला हवं. तिथल्या जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे मुलांना वारशातून सहजासहजी वगळता येत नाही, आणि लग्नात वेगळं ठरवलं नसेल तर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. घर विकायचं तर सगळ्या भावंडांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. बाई म्हणून मला हा कायदा आवडतो. पण सात भावंडं चार देशांत असली की सह्या जमत नाहीत, घराला कुलूप पडतं आणि कौलं गळायला लागतात. अशी पडायला आलेली घरं बाहेरच्यांनी घेऊन नीट उभी केली, हेही मी पाहिलंय. गावच्या सुतारालाच काम मिळालं. तेव्हा ‘बाहेरचे आले आणि गाव बुडालं’ ही ओरड मला पटत नाही. बाहेरचे म्हणायला गेलं तर सीमाभागातले आम्ही कुणाचे आणि कुठले, हाच इथं साठ-सत्तर वर्षांचा वाद आहे.

मला खुपतं ते वर्षातले साडेअकरा महिने बंद राहणारं घर. बारमाही राहायला आलेला दिल्लीकर किराणा इथंच घेतो, विहिरीच्या पाण्यासाठी इथंच भांडतो, मूल इथल्या शाळेत घालतो. तो चार वर्षांत गावचा होतो. कुलूप गावचं होत नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकायला गोवा सरकारनं 2023 साली कायद्यानं बंदी घातली, चांगलं केलं; पण शेत वाचवणारा कायदा घराला माणूस मिळवून देत नाही.

मग भाड्यानं द्या, असं मी आमच्या एका मावसदीरांना म्हटलं. त्यांचा फ्लॅट म्हापशाजवळ आहे, मे महिन्यात दहा दिवस उघडतो. तिथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं वॉचमनमार्फत विचारलं होतं. भावोजी म्हणाले, “वहिनी, भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही.” मी म्हटलं, अकरा महिन्यांचा करार करतात की सगळे, वर्षाच्या आतला असला म्हणजे नोंदणीचीही सक्ती नसते. त्यावर त्यांनी कागद घेऊन हिशेबच मांडला. फ्लॅटची आजची किंमत, त्यावर बँकेत मिळालं असतं ते व्याज, आणि ती बाई देऊ शकेल ते भाडं. किमतीच्या मानानं भाडं फारच कमी येतं, बघा, म्हणाले. जाऊबाई आतून कॉफी घेऊन आल्या. खरेदीखतावर सही त्यांचीही आहे. त्या म्हणाल्या, “पण अहो, आत्ता तर काहीच येत नाही की.”

ते कागदाकडे बघत राहिले. ती शिक्षिका अजून डिचोलीहून दोन बस बदलून येते.