परतलेल्या सैनिकाचे दुखणे

युद्धावरून परतलेला सैनिक घरात रुळत नाही, याचे कारण बराच काळ त्याच्यातच शोधले गेले. अमेरिकी यादवी युद्धानंतर डॉ. जेकब दा कोस्टा यांनी 1871 मध्ये धडधड, धाप, छातीतल्या कळा असलेल्या सैनिकांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ते दुखणे हृदयाचे मानले. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ आला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था बिघडते, अशी त्यामागची पहिली समजूत. पण स्फोटाच्या आसपासही नसलेल्यांत तीच लक्षणे दिसू लागली. शरीरात कारण सापडेना, तेव्हा संशय माणसाच्या दमाकडे वळला. पलायन, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या तीनशेहून अधिक जणांना माफी मिळायला 2006 उजाडले. मन कोलमडणे ही रणांगणातून सुटण्याची सन्मान्य वाट आहे असे सैनिकाला वाटता कामा नये, हा 1922 च्या साउथबरो समितीचा सूर होता.

ही दिशा फिरवली ती व्हिएतनामहून परतलेल्यांनी. 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ते एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन, हाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. तोवर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत आजारसूचीची अवस्था चमत्कारिक होती: रणांगणातल्या असह्य ताणाची 1952 मधली नोंद 1968 मध्ये, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, गळली होती. 1980 मध्ये पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) सूचीत आला आणि ‘हा माणूस कसा आहे’ याऐवजी ‘याच्यावर काय गुदरले’ हा प्रश्न वैध ठरला. ही प्रगती मोठीच. मात्र त्यात घर निसटले. दुखणे सैनिकाचे, उपचार दवाखान्यात. घरच्यांनी फक्त वाट पाहायची.

घराला एवढे महत्त्व कशाला, असा आक्षेप येईल. पहिला मुद्दा परतण्याच्या रीतीचा: व्हिएतनामचा सैनिक साधारण वर्षभराने एकेकटा विमानात बसे आणि दोनतीन दिवसांत स्वतःच्या अंगणात असे. दुसऱ्या महायुद्धातले अनेक जण साथीदारांसह आठवडाभर जहाजावर असत, पुढे स्वागतही होई. तरी तेही मोडले होते. जॉन ह्यूस्टन यांनी 1946 मध्ये अशाच सैनिकांवर केलेला माहितीपट लष्कराने 1980 च्या दशकापर्यंत लोकांपुढे येऊ दिला नाही. तेव्हा स्वागताने जखम टळते, असे म्हणता येणार नाही. बहुतेक सैनिक सावरतात, हा दुसरा मुद्दा. 1980 च्या दशकातल्या राष्ट्रीय पाहणीत व्हिएतनामला गेलेल्या सुमारे 15 टक्के पुरुषांना त्या वेळी पीटीएसडी होता. पण उरलेल्यांचे संसार सुरळीत होते, असा त्याचा अर्थ नव्हे. भिंतीला पाठ लावून दारावर नजर ठेवणे, क्षणात भडकणे, हुकूम सोडणे यांनीच तिकडे जीव वाचवला होता. नवरा नसताना घर चालवायला शिकलेल्या बायकोला हे सारे काचते, आणि त्यात आजार म्हणावे असे फारसे काही नसते. शिवाय मनोविकारतज्ज्ञ जॉनथन शे यांनी मांडलेली नैतिक जखम आहेच: जे योग्य, त्याचा घात झाल्याची. तिथे औषध तोकडे पडते, कारण प्रश्न भीतीचा नसतो, आणि सैनिकाला पाठवणारेही त्या घातात वाटेकरी असतात.

घराला सोबत घेणारी वाट मात्र आधीच निघाली होती: अमेरिकेने 1979 मध्ये व्हेट सेंटर्स ही माजी सैनिकांसाठीची केंद्रे सुरू केली. ती रुग्णालयांपासून दूर, साध्या वस्त्यांत होती, तिथे माजी सैनिकच माजी सैनिकांशी बोलत आणि समुपदेशनाला घरचेही येऊ शकत. पीटीएसडीची नोंद सूचीत यायला तेव्हा अजून वर्ष होते.