बारा जणांचं काम

मरोळ एमआयडीसीत साच्यांचा एक गाळा होता. कामगार बारा. 2008 च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि दिवाळीनंतर मरोळच्या त्या गाळ्यातलं निर्यातीचं काम निम्म्यावर आलं. मालकाने चौघांना सोडायचं ठरवलं. आरोग्य शिबिराला कबूल केलेले पन्नास हजार मात्र द्यायचेच होते. बॅनर छापून झाला होता, वर मालकाचा फोटोही होता.

गाळ्यातल्या एका टर्नरची आई लिज्जत या बायकांच्या संस्थेचे पापड लाटायची. मुलाचं नाव चौघांत आहे, हे कळल्यावर ती गाळ्यावर आली. मालकाने खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडे धंदा बसला की किती जणींना काढतात?"

"काढायला नोकर कोण आहे, शेठ? सगळ्या बहिणी, सगळ्याच मालकिणी. नफा वाटून, तोटाही वाटून."

मग तिने लिज्जतच्या सुरुवातीची ऐकलेली गोष्ट सांगितली. 1959 च्या मार्चमध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन काम मांडलं. पावसाळा आला, पापड वाळेनात. चार महिने काम बंद. तोटा झाला तरी कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आधीच ठरलेलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस पडत राहिला, लाटणंही चालू राहिलं. मालाडला शाखा काढायचा 1961 चा प्रयत्न फसला, तोही मावशीने लपवला नाही.

"आपल्या पंगतीतलं माणूस उठवून गावजेवण घालू नये, शेठ," एवढं बोलून ती उठली. पीठ आणायची वेळ झाली होती.

बोधकथेतला मालक अशा वेळी एका रात्रीत बदलतो. हा मात्र आठवडाभर चिडलेला होता. शेवटी त्याने हिशेबाची वही बाराही जणांसमोर उघडली. आठवड्याला चार दिवस काम, पगार त्या मानाने, स्वतःची उचल निम्मी. शिबिराला पाच हजार गेले. आयोजकांनी बॅनरवरचा फोटो काढून टाकला आणि मालकाला तो राग बरेच दिवस होता.

चार दिवसांच्या पगारात मुंबईचं भाडं निघेना म्हणून एक फिटर गावी गेला. त्याची सगळी देणी मालकाने चुकती केली. वर्षभराने ऑर्डरी परतल्या, तेव्हा शेजारचा गाळेवाला कसबी हात शोधत साकीनाक्यापर्यंत फिरत होता. इथे अकरा जण आपापल्या मशीनवर होते. बाराव्याला मालकाने स्वतः फोन केला.